कच्चं पान

नेकनूर,
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

चि. शीलूस, काकाचा आशीर्वाद.

दर रविवारी पानभर पत्र लिहा म्हणालीस, म्हणून बसलोय. पोस्टात पाकीट मागितलं तर मास्तर माझ्याकडं बघतच राहिला. "अंगदराव, आता कोण लिहितं पत्र?" मी म्हणालो, "ज्याचं वाचणारं कोणी आहे, तो."

पुण्याहून नीट पोहोचलो. पोटातलं पाणी काढल्यापासून वाकून चप्पल घालता येते. तुमच्या वॉर्डाने दिलेला कागद मी घरी येऊन सावकाश वाचला. त्यात दोन चुका आहेत. एक, माझा धंदा 'मेकॅनिक' लिहिलाय. मी मेकॅनिक नाही, मी मोटरी रिवाइंड करतो. नुसता पाना फिरवणारा वेगळा आणि जळालेल्या मोटरीत तांब्याची तार नव्याने भरणारा वेगळा. दुसरी, 'दारू' या शब्दापुढं प्रश्नचिन्ह तसंच ठेवलंय. माझं लिव्हर हिपॅटायटिस बीनं गेलं, हे रक्तात निघालं ना? मग ते चिन्ह खोडायला काय जातं? मी आयुष्यात चहाशिवाय काही घेतलं नाही. पण गावात लिव्हर म्हटलं की लोक आधी बाटली बघतात.

तुमच्या डॉक्टर सरांना मी विचारलं होतं ते आठवतं का? म्हणालो, ठिबकच्या फिल्टरची जाळी चोंदली की पाणी पुढं जात नाही, सगळा दाब मागं येतो. तसं माझं लिव्हर चोंदलंय, म्हणून पोटात पाणी साठतं आणि अन्ननळीतल्या शिरा फुगतात. सर म्हणाले, "अगदी बरोबर." हे मला कोणी शिकवलेलं नाही.

तू सांगितलंस तसं एका माणसाला सगळं सांगून ठेवलंय. शेजारचा मुंजाजी गिरणीवाला. काळजी करू नकोस.

काका


पुणे,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय काका,

पत्र मिळालं. तुमचं अक्षर बघून मैत्रिणी म्हणाल्या, छापलंय की काय. चुका मी सरांच्या कानावर घातल्या. प्रश्नचिन्ह आम्ही खोडलं. धंद्याच्या जागी काय लिहायचं यावर अजून चर्चा चालू आहे.

मुंजाजीकाकांशी तुमचं बोलणं सुरू झालं हे वाचून मला धक्काच बसला. त्यांच्या गिरणीचं पीठ तुमच्या मोटरींच्या ओल्या वार्निशवर उडतं, यावरून तुम्ही मधे पत्रा ठोकला होता तेव्हा मी शाळेत होते! पण बरंच झालं. त्यांचा नंबर कळवा.

त्यांना एवढं नक्की सांगा. तुमचं लिव्हर रक्तातली घाण पुरती गाळत नाही, ती डोक्यात चढते. ती चढायला लागली की माणूस दिवसा पेंगतो आणि रात्री जागतो, बोलताना अडखळतो, वार विसरतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे दोन्ही हात एसटी थांबवताना करतो तसे पुढं धरायचे. पंजे आपोआप खाली पडून परत उचलायला लागले, फडफडल्यासारखे, तर थांबायचं नाही, सरळ बीडचा दवाखाना. आणि हे तुमचं तुम्हाला कळणार नाही, काका. ज्यानं ओळखायचं तेच बिघडलेलं असतं. म्हणून दुसरा माणूस लागतो.

ते गोड पातळ औषध चुकवू नका. दिवसातून दोन-तीनदा पोट साफ झालं पाहिजे, तीच घाण बाहेर पडायची वाट आहे. अंगदुखीची गोळी नाही, झोपेची गोळी तर मुळीच नाही. मीठ कमी, पण डाळ, दूध, अंडी सोडू नका. काळी शी झाली, रक्ताची उलटी झाली, ताप येऊन पोट दुखलं, तर पत्र लिहीत बसू नका, निघा.

मला आता महिनाभर रात्रपाळी आहे. खोलीतली मैत्रीण लग्न होऊन गेली. पत्र मात्र हातानंच लिहा हं. पानभर.

तुमची शीलू


नेकनूर,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. शीलूस आशीर्वाद.

तुझं पत्र मुंजाजीला वाचून दाखवलं. तो रोज सकाळी येतो. "अंगदा, हात दाव," म्हणतो. मी दावतो. मग गिरणी चालू करतो. नंबर मागितलास, पण त्याच्या मोबाईलमध्ये पीठ जाऊन तो बंद पडलाय.

वजन आठवड्याला करतोय. घरच्या काट्यावर विश्वास नाही, म्हणून बंकटशेठच्या आडतीवर कापसाच्या काट्यावर उभा राहतो. हमाल म्हणतात, "अंगदराव, भाव पडलाय, आज इकू नका."

झोपेचं म्हणशील तर रात्री नाही लागत. पण त्याचं मला काही वाटत नाही. दिवसा गिऱ्हाइकं डोकं खातात, रात्री कॉइल शांतपणे भरता येते. दिवसा घेतो डुलकी.

मिठाचं तू विचारलं नाहीस, पण लिहितो. वरण, भाजी, भाकरी, सगळं अळणी. त्याची सवय झाली. सवय होत नाही ती ताटाची. तुझी काकू ताट वाढताना आधी वरच्या बाजूला चिमूटभर मीठ ठेवायची, मग बाकीचं. मी एकटा जेवायला लागलो तेव्हाही तसंच वाढायचो. आता वाढतो तेव्हा ती जागा मोकळी सोडतो. तिथं लिंबाची फोड ठेवून बघितली, पण ती जागा लिंबाची नाही. केसर होती तोवर ते मीठ मी कधी बोटाला लावलं नाही. ते नुसतं असायचं. इतकी साधी गोष्ट कोणाला सांगावी असा विचार केला, तर तुझं नाव आलं.

तू पत्रं मागतेस याचं मला फार बरं वाटतं. रविवारची वाट बघतो. गावात माणसं आहेत, पण ती मोटर जळल्यावर येतात.

काका


पुणे,
१ डिसेंबर २०२४

काका,

घाईत लिहितेय, पाळीवरून आत्ताच आले. रात्री झोप न लागणं आणि दिवसा पेंगणं हा छंद नाही. ती पहिली खूण आहे, मी लिहिलं होतं ना? औषध नियमित घेताय का? खरं सांगा. लघवीच्या गोळ्या मनानं वाढवल्या नाहीत ना?

एवढंच बरं की तुमचं अक्षर जराही हललेलं नाही. मी पत्र सरांना दाखवते. लिव्हरची घाण डोक्यात जायला लागली की अक्षर आधी बिघडतं, ओळी उतरतात, शब्द गळतात, म्हणून तर तुम्हाला लिहायला लावलं. फोनवर तुम्ही "मजेत" म्हणाल, पण हात खोटं बोलत नाही. सर म्हणाले, असं अक्षर असेल तर सध्या घाबरायचं कारण नाही. तरी मुंजाजीकाकांना सांगा, बारीक लक्ष ठेवा.

सुट्टीचा अर्ज दिलाय. मिळाली तर येते.

शीलू


नेकनूर,
८ डिसेंबर २०२४

चि. सत्यशीला हीस,

तुझं पत्र मिळालं. खुलासा वाचला. म्हणजे लघवी बाटलीत भरून देतात तसं मी दर रविवारी पानभर नमुना पाठवत होतो. मला वेगळं वाटलं होतं. चूक माझी. मी नीट विचारून घ्यायला हवं होतं.

पण तपासणी करायची तर ती बिनचूक हवी. तुझ्या तपासणीत मोठा दोष आहे, तो दाखवणं मला भाग आहे. मी पत्र एका बैठकीत लिहीत नाही. आधी कच्चं लिहितो, मग चांगल्या कागदावर पक्कं करतो. हात साथ देत नसेल त्या दिवशी ठेवून देतो, दुसऱ्या दिवशी लिहितो, वर तारीख रविवारचीच टाकतो. तुझ्या सरांपर्यंत जे गेलं ते चांगल्या दिवसाचं अक्षर. मोटर तपासायची तर चालू असताना तपासावी, रंग देऊन ठेवलेली नव्हे. हे पुण्याच्या एवढ्या मोठ्या दवाखान्यात कोणाच्या लक्षात येऊ नये याचं नवल वाटतं.

मागच्या पत्राचं कच्चं पान सोबत जोडलंय. त्यातली पहिली ओळ वाचू नकोस. खोडणार होतो, पण नमुना जसाच्या तसा हवा.

औषधाचं खरं सांगतो. मोटर काढायला रानात जायचं असलं की त्या दिवशी घेत नाही. विहिरीवर चार माणसं साखळी धरून उभी असतात, आणि मी दर घटकेला डबा घेऊन उसात पळायचं का? मंगळवारी-बुधवारी पाली गावाकडं काम आहे. ते उरकलं की सुरू करतो.

सर्दी-पडसं सोडून सगळं ठीक.

अंगद


नेकनूर,
२२ डिसेंबर २०२४

पोरी शीलू,

मुंजाजी गिरणीवाल्याचा राम राम. तू बीडच्या दवाखान्यातून निघताना मला म्हनलीस, काका काय लिवतो ते न इचारता तुमचं येगळं लिवा, आन तू यायच्या आदी झालं ते समदं लिवा, सरांना दावायचंय. मला लिवायची सवय न्हाई. पीठ तोलून हात आखडलेत.

अंगदनं तुला कळवलं म्हनं की मुंजाजीला समदं सांगितलंय, मुंजाजी रोज हात बघतो. पोरी, गिरणीची शपथ, त्यानं मला एक शबूद सांगितला न्हाई. आमचं बोलनंच बंद व्हतं. त्याच्या पोटाचं पानी काढलं हेबी मला म्हाईत न्हवतं. माझा मोबाईलबी चांगला चालतोय.

उलट मीच गिरणीवर चार बायांत म्हनलो, अंगद प्यायला लागलाय. कावून, तर त्यानं बद्रीनाथची मोटर भरून दिली ती चालू केली की जळाली. एका फेजची टोकं उलटी जोडली व्हती. अंगदच्या हातून असं व्हनं म्हंजे सूर्य मावळतीला उगवनं. मग मानूस काय समजंल? बद्रीनाथबी तेच बोलत फिरला. अंगदनं ऐकलं आसंल, पर उलटून बोलला न्हाई.

तर अकरा तारखेच्या बुधवारी मी स्टँडवर गेलतो. बघतो तर अंगद रस्त्याच्या कडंला, एका पायात चप्पल, एस्टीला हात करतोय. एस्टीचा पत्ता न्हाई, रस्ता मोकळा. आन हात कसा, तर पंजा उचलायचा आन गळून पडायचा, उचलायचा आन पडायचा. पोरं हसत व्हती. "आंगदबापू, बीडला का मुंबईला?" मीबी हसलो. खोटं कशाला लिवू. म्हनलो, "काय बे अंगद, किती टाकलीस?"

त्यानं माझ्याकडं बघितलं आन हळूच म्हनला, "केसर, त्या मुंजाला गिरणी बंद करायला सांग. वार्निश ओलं हाय."

केसरवैनी जाऊन किती साल झाली. माझं हसनं तितंच बसलं. दंडाला धरून खाली बसवला आन तोंडाचा वास घेतला. माझा थोरला भाऊ दारूनंच गेला, मला तो वास झोपेत वळखू येतो. ह्यो तो न्हवता. नासल्या फळावानी गोडूस, कोंदट, येगळाच. मी पोरांवर वरडलो, "गप बसा बे, ह्यो पेलेला न्हाई!" मग बंकटशेठची जीप घातली आन बीड गाठलं. जीपमंदी त्यो झोपला तो उठंचना. मी समद्या वाटंनं त्याला शिव्या देत गेलो, म्हनलं शिवी ऐकून तरी उठंल.

डाक्टर म्हनले, पोट साफ न झाल्यानं घान डोक्यात गेलीय, आजून उशीर केला आस्ता तर अवघड व्हतं. खालून आवशिद दिलं, सलाईन लावली, पोटातलं पानी तपासलं. त्याच्या खिशातल्या मोबाईलवरनं तुला फोन लावला, फुडचं तू बघितलंच. पर तू कँटीनला गेलतीस तवा त्यो शुद्धीवर येऊन पयलं काय बोलला म्हाईत हाय का? "मुंज्या, दुसरी चप्पल कुठंय?"

तू मला ते हात दावायचं शिकवलंस. त्ये मला आदी कळलं आस्तं तर मी स्टँडवर हसलो नसतो. एवडंच मनात राहतंय.

आता रोज काय काय इचारायचं ते सोप्या भाषेत लिवून धाड. मी पत्रा काढलाय मधला.

मुंजाजी


पुणे,
२९ डिसेंबर २०२४

काका,

बीडहून परत आले तर तुमचं आठ तारखेचं पत्र दाराच्या फटीतून आत पडलेलं. तुम्ही स्टँडवर उभे होतात तेव्हा ते वाटेत होतं. दवाखान्यात तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, मलाही ठाऊक नव्हतं.

तपासणीतला दोष मान्य आहे. मी सरांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या पेशंटला आपल्यासमोर लिहायला लावायचं.

कच्चं पान मी पाहिलं. एकच वाक्य तीनदा आलंय, ओळी खाली उतरत कागदाच्या कोपऱ्यात जाऊन साठल्यात. आणि पहिली ओळ मी वाचली. वर माझं नाव नव्हतं. 'सौ. केसरबाईस' होतं.

ते पान मी सरांना दाखवलं, ते दाखवायलाच हवं होतं. पण २४ तारखेचं दाखवलं तेव्हा खालचा भाग दुमडून दाखवला होता. मिठाच्या जागेचा. तो नमुना नव्हता, काका. तो मला लिहिलेला होता. मी तो पाळीवर जाताना पर्समध्ये ठेवते.

पत्रं मी तपासायलाच मागितली, हे खरं आहे. नाही म्हणणार नाही. पण आता मुंजाजीकाका तुमचे हात रोज बघणार आहेत, त्यामुळं अक्षर बघायची गरज उरली नाही. तुम्ही लिहायचं थांबवलंत तरी वैद्यकीय दृष्ट्या चालेल.

तुमची
शीलू


नेकनूर,
१२ जानेवारी २०२५

चि. शीलूस काकाचा आशीर्वाद.

हे पत्र कच्चं आहे. एका बैठकीत लिहितोय आणि पक्कं करणार नाही. 'बैठकीत'मधला ठ दोनदा गिरवलाय, तो तसाच राहू देतो. त्रास होतोय, पण राहू देतो.

मुंजाजीनं मला आणलाय वैताग. गिरणी लावायच्या आधी येतो, तेही ओसरीवर, दळण घेऊन आलेल्या बायांच्या देखत. "अंगदा, हात दाव. आज वार कोणता? दुकानात कोनाची मोटर खोललीय?" मी त्याला सांगितलं, रोज तेच विचारलंस तर पाठ होतं, डोकं फिरलेलं असलं तरी तोंड बोलून जाईल. प्रश्न बदलत जा. तर काल म्हणतो, "बरं, सांग, गव्हाच्या दळणाला गिरणीच्या दोन दगडांतली फट किती ठेवायची?" मी सांगितलं. तो म्हणाला, चूक. मी म्हणालो, बरोबर. मग आम्ही जाऊन बघितलं. मी चुकलो होतो, पण ते डोक्यामुळं नाही, मला ते पहिल्यापासूनच माहीत नव्हतं. आता तो ते गावभर सांगतोय.

गावाला सगळं कळलं. वाटलं होतं कळलं की मान खाली जाईल. तसं काही झालं नाही. दळणाच्या बाया जाता-येता विचारतात, "भाऊ, पोट साफ हाय का?" भर रस्त्यात. मला हे शिकायला वेळ लागेल. बद्रीनाथची मोटर मी फुकट भरून दिली. चालते. रानात जायचं असलं तरी औषध घेतो. विहिरीवरच्या माणसांना आधीच सांगतो, मी पळालो तर हसायचं नाही. ते हसतातच.

उगाच समाधानाचं लिहीत नाही. पुढच्या महिन्यात अन्ननळीतल्या फुगलेल्या शिरांना परत रबरी कडी बसवायला पुण्याला यायचंय, पाणीही हळूहळू भरतंय, कापसाचा काटा सांगतो. तुझ्या सरांनी नव्या लिव्हरच्या यादीत नाव घातलंय आणि यादी लांब आहे, हे मी समजून आहे. संध्याकाळी गिरणी बंद होते, मुंजाजी जेवायला घरी जातो, मग घरात फक्त पंख्याचा आवाज असतो. तो पंखा मीच भरलाय, म्हणून आवाजही जवळजवळ नाही. मिठाची जागा मोकळीच आहे. परवा संक्रांत. मुंजाजीच्या घरून तिळगूळ आलाय, त्यातला एक मी ताटात तिथं ठेवणार आहे. तिळात मीठ नसतं, मी चाखून बघितलं.

आता कामाचं. तुझी पत्रं मी काल क्रमानं मांडून बघितली. पहिल्याचं अक्षर ताठ आहे. एक डिसेंबरचं सगळं उजवीकडं कललंय. शेवटच्या पत्रात 'गरज उरली नाही' इथं पेन इतकं दाबलंय की कागद फाटायला आलाय. 'वैद्यकीय दृष्ट्या चालेल' हे वाक्य तू कच्चं लिहून पक्कं केलेलं दिसतंय. मी ओळखतो. तुझी रात्रपाळी महिन्याची होती, महिना होऊन गेला. मैत्रीण गेल्यावर खोलीत दुसरी कोणी आली का, ते तू लिहिलेलं नाहीस. जेवतेस कधी, झोपतेस कधी, तेही नाही. दुसऱ्यांच्या डोक्यात घाण चढते ती तू ओळखतेस. ज्यानं ओळखायचं तेच बिघडतं, हे तूच मला लिहिलंस. मग सकाळी पाळीवरून खोलीत आल्यावर तुला वार कोणता ते कोण विचारतं?

तेव्हा माझी पत्रं थांबली तरी चालतील, तुझी थांबून चालणार नाहीत. दर रविवारी, पानभर, हातानं.

कच्चं पाठव.

काका